अंगठ्यानं दाबलेला कोपरा

आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर लिफ्टशेजारी एक अरुंद लोखंडी दार आहे. दारामागे तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एक उभी पोकळी जाते आणि तिच्यातून सगळ्या वायरी वर चढतात. सातही दारांना एकच किल्ली लागते. ती किल्ली अठरा वर्षं माझ्या खिशात होती. कुणी ठराव करून मला दिली नव्हती. इमारतीतली फोन-इंटरनेटची तांब्याची सगळी वायर मी स्वतः ओढली होती, म्हणून किल्ली माझी, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

मी टेलिफोनच्या खात्यात जॉइंटर होतो. जॉइंटर म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून तुटलेल्या केबलच्या शेकडो तारा एकेक करून जोडणारा माणूस. टोकं सोलायची, कधी पक्कडीनं तर कधी सरळ दातांनी, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून पीळ द्यायचा, की झाला जोड. माझ्या उजव्या अंगठ्याला त्या पिळाचा घट्टा आहे, निवृत्तीनंतरही गेला नाही. आमच्या वेळी माणसाची पारख त्याच्या कोपऱ्यावरून व्हायची. वायर जिथे वळते तिथे ती गोल ओघळलेली दिसली की साहेब विचारायचे, "धुणं वाळत घातलंय का?" वळण काटकोनात हवं, अंगठ्यानं दाबून बसवलेलं, आणि त्यावर प्लास्टिकचा टाय करकचून आवळलेला. माझा कोपरा खात्यात लांबून ओळखता यायचा. घरातही टीव्हीची, बेलची, देवघरातल्या दिव्याची वायर अशीच वळते. मुलगी लहान होती तेव्हा त्या कोपऱ्यांवरून बोट फिरवत ती खोलीभर हिंडायची.

माझे वडील जासईकडच्या मिठागरात राबले. मिठाशेजारी धातू टिकत नाही हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. दाराची कडी, बादलीचा कान, सायकलची घंटी, मीठ काहीच सोडायचं नाही. तरी मी पनवेलच्या खाडीच्या वाऱ्यात सात मजले तांबं ओढलं आणि हे तुमच्या नातवंडांना पुरेल असं लोकांना छातीठोक सांगितलं. स्वतःच्या हातचं काम माणसाला आंधळं करतं, दुसरं काय.

मुलगी सव्वीस वर्षांची झाली तेव्हा तिला एका कंपनीत काम मिळालं. सहा महिने बघणार, जमलं तर कायम करणार, नाहीतर हातात नारळ. काम घरूनच, सहाव्या मजल्यावरच्या आमच्या मागच्या खोलीतून. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी दिवसभर पडद्यावर बोलायचं आणि त्यांच्या अडचणी सोडवायच्या. पण तिचं बोलणं मध्येच तुटायचं. तोंड उघडं, डोळे अर्धवट मिटलेले, अशी ती पलीकडच्यांच्या पडद्यावर गोठायची. तिच्या वरिष्ठ बाईंनी तिला दोनदा लेखी समज दिली होती. तिसऱ्यांदा असं झालं तर कायम करणार नाहीत, हे तिनं एकदा जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत.

"बोलायची नीट तयारी करत जा," मी म्हणालो. "नाचता येईना, अंगण वाकडं."

मी थट्टेनं म्हणालो होतो. ती हसली नाही. तिच्या आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढची भाकरी मागितली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलीनं एक वही सुरू केली. बोलणं तुटलं की वेळ लिहायची, आणि दाराबाहेर जाऊन लिफ्ट चालू आहे का ते बघून तेही लिहायची. महिनाभर तिनं हे केलं आणि मला पत्ता लागू दिला नाही. मग सोसायटीची सभा भरली, पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. विषय एकच होता: इमारतीतली तांब्याची वायर काढून फायबर आणायची की नाही. माझ्यापुरता तो निकाली निघालेला विषय होता. मुलगी वही घेऊन उभी राहिली.

तिनं सांगितलं की लिफ्टची मोटर सुरू झाली की तिचं बोलणं तुटतं, कारण तांब्याची वायर लिफ्टच्या विजेच्या केबलला लागून वर गेली आहे आणि मोटरची खरखर तांब्यात शिरते. फायबरमध्ये वीज नसतेच, काचेच्या केसासारख्या धाग्यातून उजेड जातो, त्याला मोटरचं काही सोयरसुतक नाही. दर पावसाळ्यात कुठे तरी वीज पडते आणि आपल्या जिन्यातल्या इंटरनेटच्या तीन पेट्या जळतात, त्या जळणार नाहीत. खरं तर त्या पेट्याच लागणार नाहीत. खालून एक धागा येईल, चौथ्या मजल्यावर एका छोट्या डबीत त्याचा उजेड सगळ्या घरांना वाटला जाईल, आणि त्या डबीला ना वीज लागते, ना पंखा, ना कुणी बटण बंद-चालू करायला.

"प्रसादासारखा वाटत गेलात तर शेवटच्या घराला उरेल का काही?" मी बसल्या जागेवरून विचारलं. दोघेतिघे हसले.

"उरतो, बाबा. आधी मोजूनच वाटतात," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या अध्यक्षांनी, बँकेतून निवृत्त झालेल्या सद्गृहस्थांनी, अगदी साळसूदपणे विचारलं, "पण ही वायर लिफ्टच्या केबलला लावून नेली कुणी?"

सगळ्यांना माहीत होतं. त्या वेळी लिफ्टशेजारची वाट सोपी होती, भिंत फोडावी लागत नव्हती, म्हणून मी तिथून नेली होती. खात्यात असं केलं असतं तर साहेबांनी माझी सालटी काढली असती. मुलीनं वही मिटली आणि ती खाली बसली. मतदान झालं. विरोधात हात फक्त माझा होता, आणि तो मी मुद्दाम जरा जास्तच वर धरला.

त्यानंतर दोन महिने आमच्या घरात जेवणं झाली, पण बोलणं झालं नाही. मी मीठ मागायचो तेही तिच्या आईकडे. आई म्हणायची, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही," आणि मीठ माझ्यासमोर आपटायची.

फायबरचं काम करायला जो कारागीर आला तो आपटा गावचा होता, चाळिशीचा, पाठीवर मशिनची पेटी घेऊन मोटरसायकलवरून यायचा. किल्ली माझ्याकडे, म्हणून मी त्याच्या मागेमागे. खरं सांगायचं तर चुका काढायलाच गेलो होतो. पण त्याचे हात बघितले आणि गप्प झालो. धागा सोलायचा, स्पिरिटनं पुसायचा, दोन टोकं मशिनमध्ये समोरासमोर ठेवायची, आणि मशिन ती वितळवून एक करायचं. श्वाससुद्धा सांभाळून घ्यायचा तो. सगळं काम बोटांच्या टोकांनी, अंगठ्याचा जोर कुठेच नाही.

माझी जुनी वायर काढताना त्यानं एक जोड उजेडात धरला. "हा तुमचा, काका?"

"माझाच."

"झकास हाय. पन कळकलाय," तो म्हणाला, आणि हिरवा पडलेला जोड माझ्या हातात ठेवला. पितळेच्या भांड्यात ताक राहावं तसं माझं काम कळकलं होतं. त्यानं ते चांगल्या मनानं सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

चौथ्या मजल्यावर त्यानं पेटी बसवली. खालून आलेला मुख्य धागा तिथे संपत होता आणि त्यापासून एक पिवळी बारीक दोरी त्या वाटणाऱ्या डबीत जात होती. दोरीच्या आतही काचच. ती त्यानं ऐसपैस गोल वळवून सोडली होती. माझी नजर तिथे गेलेली त्यानं बघितली.

"तुमी तांब्याची मानसं," तो म्हणाला. "हिला पीळ नाय, कोपरा नाय. मोठ्या वाटीएवढं गोल वळन ठेवायचं. त्याच्यापेक्षा आवळली का उजेड बाहेर सांडतो."

मी ऐकलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे मी जे केलं ते न ऐकल्यामुळे केलं असं म्हणायला मला जागा नाही.

गुरुवारी दुपारी काम संपलं. जुन्या तीनही पेट्या बंद केल्या, तांबं कापलं, प्रत्येक घरात भिंतीवर एक पांढरी डबी लागली आणि तिच्यावर हिरवा दिवा. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी अकरा वाजता, मुलीला सगळ्या वरिष्ठांसमोर आणि मोठ्या गिऱ्हाइकासमोर पाऊण तास बोलायचं होतं. त्यावरच कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. संध्याकाळी ती मैत्रिणीशी पडद्यावर बोलून सराव करत होती, आणि बोलता बोलता वीज गेली. लिफ्ट बंद, जिना अंधारा, समोरच्या इमारतीतून लोकांच्या हाका. मी वाट बघत होतो की आता हिचंही तुटेल. एवढी वर्षं वीज गेली की जिन्यातल्या पेट्या मरायच्या आणि अख्खी इमारत मुकी व्हायची. घरात इन्व्हर्टर असून उपयोग नसायचा. पण त्या दिवशी मधे विजेवर चालणारं काही उरलंच नव्हतं. आमच्या इन्व्हर्टरवर तिची डबी चालू, हिरवा दिवा चालू, आणि आत मुलगी खळखळून हसत होती. किती महिन्यांनी हसत होती.

कुठल्याही बापाला आनंद झाला असता. मला झाला नाही. मला राग आला, आणि त्या रागाची मला आजही लाज वाटते.

वीज आल्यावर मी पक्कड आणि दोन टाय घेऊन खाली उतरलो. चौथ्या मजल्यावरचं दार उघडलं, पेटी उघडली. पिवळी दोरी तशीच ओघळलेली. धुणं वाळत घातलंय का? मी ती हातात घेतली, पेटीच्या कडेला लावली, कोपऱ्यावर अंगठा ठेवून दाबली आणि टाय आवळला. कट्ट असा आवाज झाला. पेटी एकदम नीटनेटकी दिसायला लागली. घरी येऊन बघितलं तर हिरवा दिवा तसाच होता, म्हणजे त्या कारागिराचं ते सगळं थोतांडच, असं मनात म्हणालो आणि गाढ झोपलो.

तो कोपरा मी सवयीनं दाबला की रागानं, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. जित्याची खोड म्हणून सोडून देता आलं असतं. पण सवय होती तर मी त्या दिवशी दुपारीच हात का लावला नाही?

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला मुलगी खोलीतून बाहेर आली. "लाल दिवा लागलाय," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट.

पाचवा, सहावा आणि सातवा, तिन्ही मजल्यांवर लाल दिवे लुकलुकत होते. खालच्यांचं चालू होतं, पण रडतखडत. मला कळलंच. तरी मी तिच्या डबीपाशी गेलो, बटण बंद केलं, चालू केलं, भिंतीवर टिचक्या मारल्या. माणूस असा वेळ काढतो. तिनं कारागिराला फोन लावला. तो म्हणाला, आपट्याहून निघतो, पाऊण तास धरा. मग ती मोबाइल घेऊन घरभर हिंडली. आमच्या इमारतीत आत मोबाइलला रेंजची धड एक दांडी मिळत नाही. ती गच्चीवर गेली, परत आली. वर मिळत होतं पण तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा होता, तो वास, ते ऊन, आणि तिथेही पडदा गोठत होताच.

"मी खाली जाऊन बघू का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं. "बघा," एवढंच म्हणाली.

पण मी गेलो नाही. जिन्यात आधीच माणसं जमली होती. सकाळची वेळ, सगळ्यांची कामं अडलेली, आणि प्रत्येक जण सांगत होता की आपण आधीच म्हटलं होतं. अध्यक्ष तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचंच खरं होतं हो. तांबं ते तांबं." दोन महिने मी हेच वाक्य ऐकायला आसुसलो होतो. त्या क्षणी ते मला चटक्यासारखं लागलं.

दहा वाजून दहा मिनिटांनी कारागीर आला. तळमजल्यावर त्यानं हातातल्या मीटरनं मोजलं. "उजेड खाली बरोबर हाय," तो म्हणाला. "मधी कुठं तरी सांडतोय. किल्ली द्या काका, एकेक मजला बघतो."

"मी पुढे जाऊन दारं उघडतो," मी म्हणालो. "तू खालून बघत ये."

हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. मी जिना चढत गेलो. पहिल्या मजल्याचं दार उघडलं, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, आणि चौथ्यावर पोचलो तेव्हा मागे कुणी नव्हतं. खिशात पक्कड होतीच. पेटी उघडली. काल जे नीटनेटकं दिसलं होतं ते आता गळा आवळल्यासारखं दिसत होतं. मी टाय तोडला, तुकडा खिशात टाकला, दोरी हळूच सैल केली आणि पेटी लावून घेतली.

वरून कुणीतरी ओरडलं, "आली! आली!"

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिलो. सुटलो, असं वाटलं. कुणाला कळणार नव्हतं. मुलीची लाइन चालू होती, वेळ हातात होता, किल्ली खिशात होती.

खालून अध्यक्ष आणि कारागीर वर आले, मागे पाच-सहा माणसं. अध्यक्ष त्याला झापत होते. "बसल्या बसल्या आली म्हणजे काय? तुझंच काही तरी ढिलं राहिलं असणार. काल नीट केलं असतं तर लोकांचा खोळंबा झाला नसता. चल, आता निघ."

कारागीर जागचा हलला नाही. "सायेब, मी अजून कशाला हात पन लावला नाय," तो म्हणाला. "आपोआप आलेली आपोआप जाते. का गेलेली ते कळल्याबिगर मी जानार नाय. आता जाईल, नायतर अर्ध्या तासानं जाईल."

"स्वतःची चूक झाकतोय," कुणी तरी म्हणालं.

तेव्हा मी वर बघितलं. पाचव्या मजल्याच्या वळणावर मुलगी उभी होती, लॅपटॉप छातीशी धरून. मनगटावरच्या घड्याळात ती बघत होती, आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. दहा पस्तीस झाले होते. मी गप्प राहिलो असतो तर हा माणूस सात मजले शोधत बसला असता किंवा हाकलला गेला असता, आणि माझ्या अंगठ्यानं दुखावलेली ती काच तिच्या बोलण्याच्या मधोमध दगा देऊ शकत होती. हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. साठी उलटलेल्या माणसाला स्वतःच्याच जिन्यात पळून जावंसं वाटावं, तसं मला वाटलं.

"चौथ्या मजल्यावरच्या पेटीत आहे," मी म्हणालो. "काल संध्याकाळी मी टाय मारला. आत्ता आधी येऊन तोडला. ह्याची काही चूक नाही."

खिशातला तुकडा काढून मी सगळ्यांसमोर धरला. अध्यक्षांचं तोंड अर्धं उघडं राहिलं. कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं झालं असतं.

कारागिरानं तो तुकडा हातात घेतला, बघितला. "कोपरा केलात?"

"केला."

"दाबून?"

"दाबून."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. "लगेच मरत नाय ती. दमानं मरते. दोरी बदलावी लागंल, तेवढा वेळ सगळ्यांची लाइन बंद. ताई, तुमच्याकडं किती वेळ हाय?"

"अकरापर्यंत," मुलगी म्हणाली.

"करतो. काका, बॅटरी धरा."

त्यानं पेटी उघडली, जुनी दोरी काढली, आणि इमारतभर सगळे दिवे लाल झाले. त्यानं नव्या दोरीचं टोक पुसलं, एका बाजूला बसवलं, दुसरं टोक बसवायला दोन्ही हात लागत होते. "वळन तुमी धरा," तो म्हणाला. "नुसतं तळव्यावर. दाबू नका." मी बॅटरी बगलेत धरली आणि ती पिवळी दोरी उघड्या तळव्यावर घेतली. तीस वर्षांत मी हातात आलेली वायर कधी न दाबता धरली नव्हती. अंगठा आपणहून आत यायला बघत होता. मी तो ताणून बाहेर धरून ठेवला, इतका की मनगटापर्यंत कळ गेली. त्याचं टोक एकदा बसलं नाही. त्यानं परत पुसलं. दहा पन्नास. परत लावलं.

"बघा वर," तो म्हणाला.

मुलगी धावत वर गेली. दोन जिने, तिच्या चपलांचा आवाज, मग शांतता. मग तिच्या आईचा आवाज आला, "हिरवा! हिरवा झाला!" त्यानंतर आमचं दार बंद झाल्याचा आवाज आला. अकराला पाच मिनिटं कमी होती.

माणसं पांगली. जाताना कुणी माझ्याशी बोललं नाही. कारागिरानं काढलेली दोरी माझ्यासमोर धरली आणि तिच्या एका टोकाला पेनाएवढा लाल दिवा लावला. बाकी दोरी पिवळीच राहिली, पण जिथे मी अंगठा दाबला होता तिथे लाल ठिपका पेटला, पिवळ्या कातडीतून बाहेर येत होता. "हितं सांडत होता," तो म्हणाला. मी त्याला चहाला वर बोलावलं. तो म्हणाला, "आज नको काका, ताईंचं होऊ द्या," आणि पेटी पाठीला लावून निघून गेला.

मी सहाव्या मजल्यावर येऊन आमच्या दाराबाहेर पायरीवर बसलो. आत जायची हिंमत नव्हती. बंद दारातून तिचा आवाज येत होता, इंग्रजी, ठाम, मधेच हलकं हसू. तेवढ्यात लिफ्टची मोटर घरघरली. माझे खांदे आपोआप वर गेले. आता तुटेल. लिफ्ट सातव्यावर गेली, थांबली, पुन्हा खाली निघाली. आतला आवाज चालूच होता. एक शब्द गळला नाही. पाऊण तासात लिफ्ट किती तरी वेळा वरखाली झाली, आणि दर वेळी मी दचकलो, आणि दर वेळी ती बोलत राहिली. मी अठरा वर्षांपूर्वी सोप्या वाटेनं जाऊन तिच्या वाटेत काय ठेवलं होतं ते त्या पायरीवर मला पुरतं कळलं.

दार उघडलं. ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. कायम झाल्याचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं, पण त्या वेळी तिलाही काही माहीत नव्हतं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. तुटलं नाही कुठे."

मग मी म्हणालो, "मी तुला सकाळीच सांगायला हवं होतं."

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "काल वीज आल्यावर तुम्ही पक्कड घेऊन खाली उतरलात, तेव्हा मी दारातच होते. सकाळी लाल दिवा बघितला आणि कळलं, कुठे तरी तुमचा कोपरा असणार."

"अगं, मग बोलली का नाहीस? सव्वानऊपासून गप्प? तुझी नोकरी जात होती!"

ती चपलेचा पट्टा नीट करत राहिली.

"सभेत एकदा बोलले ना तुमच्याविरुद्ध, सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचा चेहरा बघितला मी. परत नसतं जमलं मला. नोकरी काय, दुसरी मिळाली असती."

मग ती उठली आणि पाणी प्यायला आत गेली. मी तिथेच बसून राहिलो, उजवा अंगठा डाव्या मुठीत घट्ट धरून, तिची आई जेवायला हाक मारेपर्यंत.